एकतिसाव्या दिवसाची गोळी

सरकारी दवाखाना सज्ज झाला हे ओळखायचं कसं? भिंतीचा रंग बघायचा. भिंत पिवळी असेल, कडा तपकिरी असतील आणि दारावरची पाटी नवी कोरी असेल, तर दवाखाना सज्ज. २०१८ साली गावोगावच्या उपकेंद्रांची ‘हेल्थ अँड वेलनेस सेंटर’ झाली, २०२३च्या अखेरीस त्यांचीच ‘आयुष्मान आरोग्य मंदिरं’ झाली, आणि दोन्ही वेळा रंगारी आणि पाटीवाले यांची दिवाळी झाली. रंगाचा मामला इतका नाजूक, की ठरलेला रंग लावला नाही म्हणून पश्चिम बंगालचा आरोग्याचा निधी अडला आणि ममता बॅनर्जींना थेट पंतप्रधानांना पत्र लिहावं लागलं. एखाद्या केंद्रातली अॅम्लोडिपिन संपली म्हणून कुणा मुख्यमंत्र्याने पंतप्रधानांना पत्र लिहिलं, असं मात्र अजून कानावर आलेलं नाही.

अॅम्लोडिपिन म्हणजे रक्तदाबाची ती इवलीशी, पाच मिलिग्रॅमची गोळी. तुमच्या घरात नसेल तर शेजारच्या घरात असेलच. आजचा मजकूर तिच्याबद्दल आहे आणि घटनास्थळ आहे लखनौ.

लखनौच का? कारण औषधांच्या बाबतीत एवढं खानदानी शहर देशात दुसरं शोधावं लागेल. १९५१ साली गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये, म्हणजे नवाबांच्या राजवाड्यात, पंडित नेहरूंनी केंद्रीय औषध संशोधन संस्थेचं उद्घाटन केलं. जिथे बेगमा राहायच्या तिथे पुढची साठेक वर्षं परीक्षानळ्या राहिल्या. वनस्पती संशोधन, औषधी वनस्पती, विषविज्ञान अशा आणखी तीन केंद्रीय प्रयोगशाळा याच शहरात. १९११ मध्ये सुरू झालेलं किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज इथलं, रायबरेली रोडवरचं ‘पीजीआय’ इथलं, गोमतीनगरचं लोहिया इथलं. २०१५ साली तर इथल्याच दोन प्रयोगशाळांनी मिळून मधुमेहावर ‘बीजीआर-३४’ नावाची आयुर्वेदिक गोळी काढली. गोळीला पाच रुपये. पुरेशा चाचण्या झाल्या का, असं काही डॉक्टरांनी विचारलं; पण गोळी देशभर पोचली. त्याच मधुमेहावरची साधी मेटफॉर्मिन तिच्याहून कितीतरी स्वस्त, जगभर वापरून सिद्ध झालेली. तिच्या बातम्या कोण छापणार? ती जुनी आहे, आणि तिचं काम फक्त दर महिन्याला केंद्रात हजर असणं एवढंच आहे.

मराठी माणसाला लखनौ आठवतं ते कबाबांमुळे आणि भातखंड्यांमुळे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज उभं राहिलं. आता ते त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. १९३३ साली पंडितजींना अर्धांगवायू झाला आणि १९३६ मध्ये ते गेले. त्या काळी रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, उतरवायची धड गोळी नव्हती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे जगाला दाखवलं ते १९४९ मध्ये. म्हणजे गोळी नसण्याची सबब पाऊणशे वर्षांपूर्वीच संपली. आता सबबीही नव्या लागतात.

त्यातली पहिली सबब अशी की हे श्रीमंतांचे आजार आहेत. उत्तर प्रदेशाकडे ही सबब आकड्यांसकट आहे. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशभरचे निकाल २०२३ मध्ये आले. देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख रुग्ण. सर्वांत वर आपला गोवा, २६.४ टक्के. सर्वांत खाली उत्तर प्रदेश, ४.८ टक्के. लखनौच्या सचिवालयात त्या दिवशी पेढे वाटले असतील तर माझी हरकत नाही. मधुमेह नसलेल्यांनी पेढे खायचे नाहीत तर कुणी? फक्त त्याच तक्त्यातला शेजारचा रकाना वाचायचा राहिला असावा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले लोक उत्तर प्रदेशात १८ टक्के. एका रुग्णामागे जवळजवळ चार उमेदवार. गोव्यातली गाडी भरून निघून गेली आहे, उत्तर प्रदेशातली फलाटाला लागते आहे.

आणि गरिबांचं म्हणाल तर गडचिरोलीला जा. ‘सर्च’च्या संशोधकांनी तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंचा माग काढला आणि २०१५ साली निष्कर्ष छापला: साधारण दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने, आणि मृत्यूच्या कारणांत पहिला क्रमांक त्याचाच. हिवताप, क्षय, साप, सगळे मागे. धानाच्या बांधावरचा माणूस कुठल्या श्रीमंतीने मेला, ते श्रीमंतीवाल्यांनीच सांगावं.

आता लखनौच्या ठाकूरगंजात चिकनकारी करणारी एक बाई आहे असं समजा. वय पंचेचाळीस. दिवसभर मान खाली, सुई-दोरा आणि मलमल. कमाई कुडत्यामागे, तीही दलालाच्या मर्जीने. तिच्या दारात ‘आशा बहू’ येते. आपल्याकडे आशाताई असते, तिकडे सून. ती एक फॉर्म भरते: वय काय, तंबाखू खाता का, कंबर किती, घरात कुणाला शुगर. चारपेक्षा जास्त गुण पडले की जोखीम. आयुष्यात पहिल्यांदा बाई चांगल्या गुणांनी पास होते. आशा बहूला या फॉर्मचे १० रुपये मिळायचे असतात आणि ते मिळेपर्यंत तिचाच रक्तदाब चढतो, ते वेगळं.

बाई एक दिवसाची मजुरी सोडून केंद्रात जाते. एक रुपयाचा ‘पर्चा’ काढते. आता त्या रांगेलाही क्यूआर कोड आहे. फोन असेल आणि फोनमध्ये डेटा असेल तर रांगेत उभं राहण्यासाठीची रांग टळते. रक्तदाब निघतो १६०च्या वर. साखरही निघते, यंत्रात घालायची पट्टी शिल्लक असेल तर. गोळ्या मिळतात. किती? खरा दवाखाना इथे उघडा पडतो. पाच दिवसांच्या मिळाल्या तर बाईने महिन्यातून सहा वेळा मजुरी सोडून यायचं आहे. तीस दिवसांच्या मिळाल्या तर एकदा. पाच दिवसांच्या गोळ्या देणाऱ्याला वाटतं आपण साठा पुरवून वापरला. त्याने साठा वाचवलेला असतो आणि रुग्ण घालवलेला असतो.

समजा, तीस मिळाल्या. एकतिसाव्या दिवशी बाई पुन्हा आली आणि खिडकीतून उत्तर आलं, ‘‘बाहर से ले लीजिए.’’ एकदा घेईल, दोनदा घेईल. तिसऱ्या वेळी ती स्वतःच डॉक्टर होईल आणि ठरवेल की डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे आपण बऱ्या झालो. रक्तदाबासारखा सभ्य आजार नाही. वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. लखनौच्या तहजीबीत वाढल्यासारखा वागतो आणि मग एका पहाटे दार न ठोठावता आत येतो.

त्या पहाटे मात्र व्यवस्था खडबडून जागी होते. छातीत कळ असेल तर ‘लारी ले चलो’. लखनौत हृदयविकाराला समानार्थी शब्द म्हणजे मेडिकल कॉलेजचं लारी कार्डिओलॉजी. तोंड वाकडं झालं असेल तर ट्रॉमा सेंटर. आणि २०१८च्या सप्टेंबरात रांचीहून सुरू झालेली पंतप्रधान जनआरोग्य योजना पाच लाख रुपये घेऊन उभी राहते. खाटेवर आडवं व्हा, सरकार तुमच्या पाठीशी आहे. फक्त उभ्याने, पायाने चालत, आपल्या गोळ्या न्यायला आलेल्या माणसासाठी या पाच लाखांत काही नाही. बाह्यरुग्णाचा रोजचा खर्च योजनेत बसत नाही. अँजिओप्लास्टी बसते. गोळी चुकवा, लाभार्थी व्हा.

लखनौवर लिहिताना ‘पहले आप’चा विनोद करावाच लागतो असा नियम आहे, म्हणून उरकून घेतो: उपकेंद्र पीएचसीला म्हणतं पहले आप, पीएचसी सीएचसीला, सीएचसी बलरामपूर हॉस्पिटलला, बलरामपूर मेडिकल कॉलेजला. झाला. पण खरी गंमत उलट्या दिशेची आहे. मेडिकल कॉलेजातून डिस्चार्ज मिळालेल्या माणसाचा कागद ठाकूरगंजच्या केंद्रात परत येतो का? तिथल्या प्रोफेसरसाहेबांनी लिहिलेली गोळी मोहल्ल्याच्या खिडकीत असते का? नसते, म्हणून माणूस महिन्याच्या गोळ्यांसाठी पुन्हा मेडिकल कॉलेजच्या रांगेत उभा राहतो, आणि मग वर्तमानपत्रात फोटो येतो: ओपीडीत उसळलेली गर्दी.

आता थोडं गणित. सदरात गणित घालू नये म्हणतात, पण सरकारी आकडे वाचून वाचून माझीही भीड चेपली आहे. मोहनलालगंज किंवा मलिहाबादकडचं एखादं प्राथमिक आरोग्य केंद्र घ्या. नियमाप्रमाणे लोकवस्ती ३०,०००. त्यातले तिशीपुढचे ११,००० धरा. चारांतल्या एकाला रक्तदाब धरा. हा अंदाज कंजूषच आहे, कारण ‘इंडियाब’ने तीनांत एकापेक्षा जास्त सांगितले आहेत. तरी झाले २,७५०. एकेकाला दिवसाला एकच गोळी दिली तरी महिन्याला ८२,५०० गोळ्या. फक्त रक्तदाबाच्या. ही सगळी मंडळी महिन्यातून एकदाच आली तरी पंचवीस कामाच्या दिवसांत रोज ११०. ओपीडी सकाळी आठ ते दोन. म्हणजे माणशी सव्वातीन मिनिटं, आणि ताप, खोकला, कुत्रा चावलेला, गरोदर बाई या सर्वांना मिळून शून्य. त्यात वैद्यकशास्त्राचा नियम असा की रक्तदाब मोजण्यापूर्वी माणसाला पाच मिनिटं शांत बसवावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला. पाठ टेकायला खुर्ची लागते. शांतता कुठून आणायची हे नियमात लिहिलेलं नाही.

या गणितात डॉक्टरांचा दोष शोधणाऱ्यांनी जरा थांबावं. भोर समितीने १९४६ साली ज्याची कल्पना मांडली आणि १९५२च्या गांधीजयंतीला सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेतून जे उभं राहिलं, ते प्राथमिक आरोग्य केंद्र बाळंतपणासाठी, लशींसाठी, हिवतापासाठी आणि पुढे नसबंदीसाठी होतं. ही सगळी संपणारी कामं. बाळ जन्मलं, नोंद झाली, पान उलटलं. रक्तदाबवाल्याचं पान उलटत नाही. तो तिशीत येतो आणि सत्तरीपर्यंत येत राहतो, किंवा यायला हवा. मधल्या काळात डॉक्टरांच्या बदल्या होतात, नर्स निवृत्त होते, दवाखान्याचं नाव दोनदा बदलतं. रक्तदाब-मधुमेहासारख्या आजारांसाठी २०१० साली १०० जिल्ह्यांत सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचंही २०२३ मध्ये बारसं झालं. एनपीसीडीसीएसचा एनपी-एनसीडी झाला. लांब नावाने रक्तदाब वाढत असावा.

मग सज्जता मोजायला पाहणीवाले येतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी छान तक्ता करून दिला आहे आणि ढाक्यापासून दार-एस-सलामपर्यंत गरीब देशांत तो फिरतो. रक्तदाबाचं यंत्र आहे? बरोबरची खूण. ग्लुकोमीटर आहे? खूण. मार्गदर्शक पुस्तिका आहे? ती तर नक्की आहे, प्लास्टिकमधून अजून काढलेलीसुद्धा नाही. तक्ता चुकीचा नाही. तो एका दिवसाचा फोटो आहे. यंत्रातली बॅटरी पुढच्या मंगळवारी गेली तर फोटोत दिसत नाही. त्यात यंत्राची खरेदी एकदाच होते, तिचा समारंभ होतो, हार घालता येतो. पट्ट्या दर महिन्याला लागतात आणि पट्ट्यांच्या डबीची फीत कापायला कुठला आमदार येणार?

आमदारांना हवी तशी एक गोष्ट लखनौत आहे, ती म्हणजे मेळा. २ फेब्रुवारी २०२०पासून उत्तर प्रदेशात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर दर रविवारी ‘मुख्यमंत्री आरोग्य मेळा’ भरवायचं ठरलं. रविवारी, म्हणजे मजुरी बुडत नाही, हे खरोखर शहाणपणाचं. पण मेळ्याचा हिशेब येतो तो किती जण आले आणि किती तपासले याचा. इतके हजार, इतके लाख. मागच्या महिन्यात सापडलेल्यांपैकी या महिन्यात किती परत आले, हा आकडा पत्रकात नसतो. सापडलेला रुग्ण परत आला नाही तर पुढच्या मेळ्यात पुन्हा नव्याने सापडतो आणि पुन्हा मोजला जातो. आकडा वाढवायचा हा राजमार्ग आहे.

होऊ शकतं का काही? होतं, आणि ते आपल्याकडेच झालं आहे, म्हणून सांगतो. कॉलर मात्र ताठ करू नका. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ पाच राज्यांतल्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातले चार जिल्हे होते: सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा. त्यांनी केलं काय? कुठलं नवं औषध शोधलं नाही. राज्यासाठी उपचाराचा एकच कागद ठरवला. पहिली गोळी कोणती, महिन्याने रक्तदाब उतरला नाही तर डोस किती वाढवायचा, मग दुसरी कोणती, तिसरी कोणती, सगळं आधीच लिहिलेलं. प्रत्येक डॉक्टरने आपली प्रतिभा रक्तदाबावर चालवायची नाही. औषधांची नावं तीन-चारच उरली, तर किती मागवायची हा हिशेब भांडारातल्या कारकुनालाही जमतो. गोळ्या एकदम तीस दिवसांच्या द्यायच्या. मोजायचं आणि पुन्हा तीच गोळी द्यायचं काम नर्स करू शकते, डॉक्टर अडलेल्यांना बघतो. आणि मोबाइलवरच्या साध्या नोंदवहीत एक रकाना: कोण आलं नाही. मला या सगळ्या उपक्रमात हा रकाना सर्वांत आवडतो. सरकारी कागदावर न आलेल्या माणसाला जागा मिळाली, ही लहान गोष्ट नाही. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला तेव्हा त्यात ३४ लाख लोक उपचार घेत होते.

३४ लाख ऐकून बरं वाटतं. देशात रक्तदाबाचे रुग्ण वीस कोटींच्या पुढे आहेत, हे ऐकलं की बरं वाटणं थांबतं. मे २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलं की २०२५पर्यंत साडेसात कोटी रक्तदाब-मधुमेहवाल्यांना प्रमाणित उपचारांखाली आणू. उत्तम. पण ‘उपचारांखाली’ म्हणजे नाव नोंदलेले, की रक्तदाब १४०/९०च्या खाली आलेले? या दोन्हींत केवढी दरी असते ते सिंधुदुर्गातली कुठलीही नर्स सांगेल, तिला विचारलं तर.

उत्तर प्रदेश हे करू शकत नाही, असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. याच राज्यात जवळपास १५ कोटी माणसांना महिन्याचं रेशन मिळतं. गल्लीगल्लीत कोटेदार, म्हणजे रेशन दुकानदार, आहे, त्याच्याकडे अंगठ्याचं यंत्र आहे, माणशी पाच किलो धान्य ठरलेलं आहे, आणि एखाद्या महिन्यात ते आलं नाही तर काय होतं हे प्रत्येक आमदाराला झोपेतही ठाऊक असतं. पाच किलो धान्याची गोणी मलिहाबादच्या आमराईपर्यंत दर महिन्याला पोचते. तीस गोळ्यांचं वजन मूठभर धान्याइतकंही भरत नाही. वाहतुकीची अडचण आहे असं कृपा करून कुणी सांगू नये. धान्य अडलं तर बोंब होते, गोळी अडली तर होत नाही, एवढाच फरक आहे. कारण भूक त्याच दिवशी लागते आणि पक्षाघाताला सात-आठ वर्षं लागतात. तोवर निवडणुका दोन होतात.

ठाकूरगंजच्या त्या बाईचं आणखी एक आहे. साखरेचा पहिला मार तिच्यासाठी डोळ्यांवर बसणार, आणि सुईत दोरा ओवता आला नाही की चिकनकारी संपली. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासा, असं मधुमेहाच्या प्रत्येक पुस्तिकेत लिहिलेलं असतं. प्लास्टिकमधल्या त्या पुस्तिकेतही असणार.

तेव्हा वाचकहो, एक काम करा. लखनौत नातेवाईक असतील तर त्यांना सांगा, नसतील तर आपल्या गावच्या, वॉर्डातल्या दवाखान्यात स्वतः जा; पुण्यात, नाशकात, पणजीतही चालेल. इतक्या लाखांची तपासणी झाली असं पुढारी सांगतील तेव्हा टाळ्या वाजवा आणि मग उठून विचारा: गेल्या महिन्यात ज्यांना गोळ्या दिल्या, त्यांच्यापैकी या महिन्यात किती आले, त्यांना तीच गोळी मिळाली का, आणि रक्तदाब १४०/९०च्या खाली किती जणांचा आहे? उत्तर लेखी मागा.